टोपी कुणी पाडली, रूबेन?

रूबेन, तू माझ्या घरी शेवटचा आलास त्या बुधवारी सुमननं तुझ्यापुढं चहा ठेवला आणि तू कपाकडं बोट दाखवून म्हणालास, "वहिनी, हे कुलूप जरा इकडं सरकवा." सुमन हसली. तिला वाटलं, तुझी नेहमीची थट्टा. मी मात्र तुझ्या तोंडाकडं बघत राहिलो, कारण तू हसला नव्हतास. तू पुन्हा कपाकडं बघितलंस, ओठ हलवलेस, आणि शब्द हाती लागेना तेव्हा उजवा हात लांबवून स्वतःच कप ओढलास. अर्धा चहा बशीत सांडला. तुझी टोपी पाडली त्या संध्याकाळपासून मी ज्याच्या धास्तीत होतो, ते माझ्या बैठकीत येऊन बसलं होतं.

आता तू नाहीस. कोकणात तुझ्या गावच्या कबरस्थानात तुला ठेवून मी बजाजनगरला परत आलोय, आणि इथं रोज कुणी ना कुणी मला एकच प्रश्न विचारतंय. तो मी तुलाही विचारला होता. तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून तुझ्याशीच बोलतो. दुसऱ्या कुणाशी बोलायची आजकाल भीती वाटते.

आपली ओळख आठवती का? वाळूजच्या कारखान्यात तू तपासणीला, मी मेंटेनन्सला. एका दुपारी प्रेसजवळचा पाइप फुटला आणि गरम तेलाची चिळकांडी आपल्या दोघांच्या मधून गेली. सगळे "अरे देवा" म्हणून ओरडले. तू आधी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट चाचपलंस, घट्ट दाबलंस, आणि मग सावकाश म्हणालास, "अरे देवा." जेवणाच्या सुट्टीत मी तुला गाठलं.

"साहेब, जीव जायची वेळ आली अन् तुम्ही हेल्मेट कसलं चाचपत बसले?"

"आमच्यात उघड्या डोक्यानं त्याचं नाव घेत नाहीत," तू म्हणालास.

"आमच्यात म्हंजे?"

मग तू सांगितलंस की तू यहुदी आहेस. कोकणातला, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना गावातले लोक शनवार तेली म्हणायचे, त्यांच्यातला. मी आयुष्यात पहिला यहुदी बघितला तो असा, भेंडीची भाजी खाताना. मी लगेच विचारलं, "मग मराठीत देव म्हटलं तरी डोकं झाकावं लागतं का?"

"तोच तर वाद आहे!" तू इतका खूश झालास की डबा बाजूला ठेवलास. हिब्रूतलं नाव हे खरं नाव, तिथं टोपी पाहिजेच. पण मराठीतला 'देव' हे नाव धरायचं, की नुसता शब्द? काही जाणते म्हणतात चालतं, काही म्हणतात जपावं. तू जपणारा होतास. म्हणून घरी उघड्या डोक्यानं ठेच लागली की तू फक्त 'आई गं' म्हणायचास. तुझी बायको, आमच्या लियावहिनी, म्हणायच्या, "सासूबाईंचं भाग्य बघा, देवाच्या वाटचं सगळं त्यांनाच मिळतं."

लियावहिनी गेल्या. तुझी लेक याएल लग्न करून इस्राएलला गेली. शहरात तुमची माणसं आधीच हाताच्या बोटांवर, त्यातला तुझा चुलतभाऊ, ज्याच्याबरोबर तू धर्मग्रंथ वाचायचास, तोही मुलाकडं राहायला निघून गेला. तेव्हा आपण दोघंही रिटायर झालो होतो. तू माझ्या दारात आलास, काखेत पुस्तक.

"मिलिंद, हा अभ्यास एकट्यानं होत नाही. समोर भांडणारा लागतो. बसतोस?"

"मला तुमच्यातलं काय कळतं रे?"

"भांडता येतं ना?"

मी हो म्हणालो, पण अट घातली. मी डोकं झाकणार नाय. कुठल्याच देवापुढं नाय. तुला मी त्या दिवशी आज्याची गोष्ट सांगितली. पाटलाच्या दारावरून जाताना तो डोईचं मुंडासं काढून काखेत धरायचा, उन्हात उघड्या टाळक्यानं चालायचा, आणि पुढच्या वळणावर गेल्यावर परत बांधायचा. बाबासाहेबांच्या वाटेनं गेल्यापासून आमच्या घरात डोक्यावर काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आम्हीच ठरवतो. तू सगळं ऐकून घेतलंस. "तुझ्यावर बंधन नाहीच," म्हणालास. "बंधन माझ्यावर आहे. रस्त्यानं चालताना टोपी हा रिवाज, पण अभ्यास बोलायचा तर तो कायदा."

आणि भांडण सुरू झालं ते कितीतरी बुधवार चाललं. तू म्हणायचास, आपल्या वर काहीतरी आहे याची आठवण म्हणून टोपी. मी म्हणायचो, आमच्या वर कोण आहे याची आठवण आम्हाला लोकांनी शेकडो वर्षं करून दिली, आता पुरे झालं. मग एकदा, मध्येच, पान उलटता उलटता म्हणालास, "तुझ्या आज्याला माणसापुढं डोकं उघडं करावं लागलं. म्हणूनच मला वाटतं, माणसापुढं ते झाकलेलं बरं." याला मला उत्तर सुचलं तर आता कुठल्या बुधवारी येऊन सांगू?

माझी सासू वारली तेव्हा तू विहारात आला होतास. दारात मला हळूच विचारलंस, "इथं डोकं झाकायचं की उघडं ठेवायचं?" मी म्हटलं, आमच्यात तसलं काही नाही. "मग मी माझ्या सवयीनं बसतो," असं म्हणून टोपी घालून पहिल्या रांगेत बसलास आणि वंदना संपेपर्यंत हललाही नाहीस. सुमन अजून त्याची आठवण काढते.

मग हवा बिघडली. तशी ती आपल्या शहरात अधूनमधून बिघडते, पण या वेळी ती निवळेना. शहराचं नाव कोण काय घेतो यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते लोक ठरवायला लागले. रिक्षावाला नाव ऐकून आरशातून बघायचा. तू तर नावच घेणं सोडलंस, नुसतं 'शहर' म्हणायचास. दुपारी चारला बाजारातली अर्धी शटरं खाली येत होती, आणि का ते कुणी विचारत नव्हतं. मोबाइलवर दिवसभर काहीबाही येत होतं. कुठल्या तरी गल्लीचं नाव, कसला तरी व्हिडिओ, खाली लिहिलेलं: जागे व्हा.

तुझी ती छोटी गोल टोपी मला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत खुपली. ती बघून काही लोक तुला मुसलमान समजायचे. आणि ज्यांना तू खरं सांगायचास, की मी यहुदी, त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांत लांबच्या लढाईचा राग उतरायचा. म्हणजे ओळखण्यात चूक झाली तरी धोका आणि बरोबर ओळखलं तरी धोका. मी तुला म्हणालो, "रस्त्यात टोपी खिशात ठेव. माझ्या दारात आल्यावर घाल."

"मी गाडीवर येताना मागच्या आठवड्याचा पाठ म्हणत येतो."

"मनात म्हण."

"मनात म्हणायला डोकं उघडं चालतं, असं काहींचं मत आहे," तू म्हणालास. तुझा चेहरा वादात रंगला की उजळायचा. "पण अभ्यास ओठांनी करायचा असतो, मिलिंद. ओठ हलले की टोपी आली."

"अरे, कायदा जीव वाचवायला सांगतो का नाय?"

"सांगतो. पण जीव जाणार हे कुणी ठरवलं?" आणि स्कूटरच्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणालास, "टोपी याच्याखाली असते. दिसते कुणाला?"

मग एका बुधवारी तू उशिरा आलास. सूर्य मावळायचा होता. तुझ्या पँटच्या गुडघ्याला माती होती, डोकं उघडं होतं, आणि डाव्या कानामागं खरचटून रक्त वाळलं होतं. मी तुला इतक्या वर्षांत कधी असं उघड्या डोक्यानं माझ्या दारात उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. "पडलो," तू म्हणालास. सुमननं हळद आणली, पुसून काढलं, आणि ती आत गेल्यावर मी दार लोटलं.

"खरं सांग."

तू पाणी प्यालास. मग सांगितलंस. सिग्नलच्या पुढं, रस्ता खोदून ठेवलाय तिथं तिघं उभे होते. चांगल्या कपड्यांतले. त्यांनी गाडी थांबवली, हेल्मेट काढ म्हणाले. हेल्मेटखाली टोपी निघाली.

"मग?"

"नाव विचारलं."

"तू सांगितलंस?"

"माझं नाव आहे ते. सांगितलं. मग टोपी पाडली. उचलायला वाकलो तेव्हा ढकललं. डोकं दुभाजकाला लागलं." आणि जरा थांबून, "टोपी गटारात गेली."

"कोण होते?"

"माणसं."

"रूबेन, इकडचे होते का तिकडचे?"

तू रिकामा पेला खाली ठेवलास. "तुला सांगितलं तर तू उद्या चौकात जाशील."

"जाईनच! पोलिसांत पण जाईन. अन्यायाच्या विरुद्ध उभं राहायचं नाय तर काय करायचं?"

"तू अन्यायाच्या विरुद्ध उभा राहशील. पण ते तुला कुठल्या तरी बाजूचा करून उभा करतील. आणि मग दुसऱ्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्याला रस्त्यात हेल्मेट काढायला लावतील. माझ्या नावानं."

"मग सोडून द्यायचं?"

"आज अभ्यास करायचाय," तू म्हणालास. पण टोपी नव्हती. तू इकडंतिकडं बघितलंस, आणि दारामागच्या खुंटीवर माझं कारखान्यातलं पिवळं हेल्मेट होतं ते उतरवून डोक्यावर चढवलंस. कानामागं लागलं तेव्हा डोळे मिटलेस. मी म्हटलं, राहू दे आज. तू ऐकलं नाहीस. माझ्या बैठकीत, पंख्याखाली, पिवळं हेल्मेट घालून तू मोठ्यानं वाचत होतास, आणि पट्ट्याखालून रक्ताची एक बारीक रेघ परत ओली होत होती. त्या दिवशी मी तुझ्याशी भांडलो नाही. एकाही ओळीवर नाही.

मी पोलिसांत जातो म्हणालो की तू म्हणायचास, मला विचारलं तर पडलो म्हणूनच सांगीन. फोनवर तू नीट बोलायचास. डोकं दुखतं म्हणालास, मग म्हणालास चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी डॉक्टरकडं जा म्हटलं. गेलो होतो म्हणालास, गोळ्या दिल्यात. पुढच्या बुधवारी तू जिना चढताना दोनदा थांबलास. त्याच्या पुढच्या बुधवारी एकच ओळ तू परत परत वाचलीस आणि तुझ्या ते लक्षात आलं नाही. मी पुस्तकावर बोट ठेवून तुला पुढं नेलं. वाटत होतं, कुठंतरी पाणी मुरतंय, भिंत वरून कोरडी दिसतेय, आणि मी नुसता रंगाकडं बघत बसलोय. मग तो कुलपाचा बुधवार आला.

चहा तसाच ठेवून मी तुला रिक्षात घातलं. दवाखान्यात फोटो काढले. डॉक्टर तरुण होता, भला होता. कवटीखाली हळूहळू रक्त साठत गेलंय, म्हणाला, जुना मार दिसतो. सकाळी ऑपरेशन करू. "बाबा, डोक्याला मार लागला होता का?"

तुला तेव्हा 'कप' हा शब्द येत नव्हता. 'पडलो' हा शब्द मात्र तुला बरोबर आला. आणि तो म्हणताना तू माझ्याकडं बघितलंस.

सकाळी तुझे केस काढले. तू नवी टोपी घेतली होतीस, काळी. ती सिस्टरनं माझ्या हातात दिली. "आत काही चालत नाही काका, अंगठी, टोपी, काहीच नाही." तुला स्ट्रेचरवरून आतल्या दाराशी आणून ठेवलं आणि ती कागद बघायला गेली. तू माझं मनगट धरलंस. धरलेला हात डावा होता, उजव्यात जोर उरला नव्हता.

"म्हणायचंय," तू म्हणालास.

मला कळलं. तुमच्यात एक वाक्य असतं, सकाळ-संध्याकाळ म्हणायचं आणि जीवावर बेतलं की म्हणायचं. त्यात ते नाव असतं. मी हातातली टोपी तुझ्या डोक्यावर ठेवायला गेलो तर सिस्टर लांबून ओरडली, "काका, नको, तो भाग साफ केलाय!" मी म्हटलं, "रूबेन, तुझाच हात ठेव डोक्यावर."

तू मान हलवलीस. शब्द एकेक करून आले, जड सामान जिन्यानं वर आणावं तसे. "माझा... नाही चालत. डोकं माझं. हात माझा. एकच अंग." दम घेतलास. "दुसऱ्याचा चालतो."

"माझा? मी तुमच्यातला नाय."

"कायद्यात... दुसऱ्याचा लिहिलंय," तू म्हणालास. "कुणाचा... ते नाही."

मी सिस्टरकडं बघितलं. ती जवळ आली, काय चाललंय ते तिला कळलं की नाही माहीत नाही, पण तिनं माझ्या हाताला हातमोजा चढवला आणि म्हणाली, "लवकर." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. हातमोज्यातूनही तुझं डोकं गरम लागत होतं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास. सगळं वाक्य, एकही शब्द न अडखळता. मला त्यातला अर्थ तुझ्यामुळं माहीत होता, पण त्या क्षणी मला फक्त तुझा आवाज तळहाताला लागत होता. कसलाही देव मी मानत नाही, रूबेन. पण तिथं हात काढायची माझी हिंमत नव्हती. सिस्टरनंच तो अलगद बाजूला केला. "झालं," तू म्हणालास, आणि तुला आत नेलं.

तू परत शुद्धीवर आलाच नाहीस.

याएलला विमान मिळालं नाही, लढाईमुळं तिकडं सगळं बंद होतं. तिनं तुझं दफन फोनवर बघितलं. तुझ्या कोकणातल्या नातेवाइकांनी मला अगदी पुढं उभं केलं. एकानं मला रुमाल दिला, डोक्यावर ठेवायला. मी तो घेतला आणि हातातच धरून उभा राहिलो. माती लोटताना मी तुझं डोकं कुठं आलं असेल याचाच अंदाज घेत होतो.

याएलनं मला विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लेक आहे ती, तिच्यापासून काय लपवू? तिनं रडत रडत नात्यातल्या कुणाला तरी लिहिलं, त्यानं पुढं पाठवलं. पोलिसांतही मी गेलो, माहीत होतं तेवढं सांगितलं. साहेबांनी विचारलं, संशय कुणावर? मी म्हटलं, माणसांवर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग तुझा फोटो आला, मोबाइलवर. आपल्या निरोपसमारंभातला, हार घातलेला, टोपी घातलेला. खाली लिहिलं होतं, यांना 'त्यांनी' मारलं. दुपारपर्यंत तोच फोटो दुसरीकडून आला. तोच हार, तीच टोपी, खालचे 'ते' फक्त बदलले होते.

मग माणसं यायला लागली. आधी काही जण आले, हात जोडून बसले, सुमनच्या हातचं पाणी प्याले. "काका, तुम्ही जवळचे. एवढंच सांगा, कोण होते?" मी म्हटलं, त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे आले. तसेच हात जोडलेले, तसंच पाणी. त्यांच्यातला एक जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही नाय सांगितलं तरी लोक ठरवतीलच ना काका." आवाजात दमदाटी नव्हती. हवामान सांगावं तसं तो सांगत होता.

मला तुझा राग येतो. तू मला साक्षीला बसवलंस आणि साक्ष तुझ्याबरोबर घेऊन गेलास. कित्येकदा वाटतं, तू सांगायला हवं होतंस, मी पचवलं असतं. आणि मग त्या माणसाचा खांद्यावरचा हात आठवतो आणि वाटतं, बरं झालं मला माहीत नाही. त्यांनी सारखं विचारलं असतं तर माझ्या डोळ्यांतून त्यांना दिसलं असतं.

काल चौकात तुझी शोकसभा ठेवली होती. कुणी ठेवली ते मी तुलाही सांगत नाही. तुझा फोटो केवढा तरी मोठा केला होता. सुमन म्हणाली, जाऊ नका, आपण शेंद्र्याला बहिणीकडं जाऊ चार दिवस. मी गेलो. मला माइक दिला. मी म्हणालो, तो यहुदी होता, माझा मित्र होता, तिघांनी त्याची टोपी पाडली आणि त्याला ढकललं, त्यात तो गेला. खालून कुणीतरी ओरडलं, "कोण होते?" मी म्हणालो, "ते त्यानं मला सांगितलं नाय. त्यानं सांगितलं नाय, कारण त्याला भीती होती की तुम्ही आज जे करायला जमलाय तेच कराल."

मागं कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज आला. माझ्या हातातून माइक कुणी काढून घेतला, अगदी आदरानं, आणि दुसरा बोलायला लागला. त्याला सगळं माहीत होतं. तिघांचे कपडे, त्यांच्या दाढ्या, त्यांच्या गाडीचा रंग. लोक उभे राहायला लागले.

मी गर्दीतून उलटा चालत निघालो. कुणी अडवलं नाही, लोक वाट देत होते, कुणी पायालाही हात लावला. गल्लीच्या तोंडाशी सुमन उभी होती, तिनं माझा हात धरला. मागं गर्दी हलली, आणि घोषणा सुरू झाल्या. मी थांबून ऐकलं. तुझंच नाव घेत होते, हजार तोंडांनी, मुठी वर करून.

"रॉबिनकाका अमर रहे."